एका गावात तीन शाळा

‘मिल्लत’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर लहानपणापासून पडत आला आहे. जुम्म्याच्या बयानात, उर्दू वर्तमानपत्रांत, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या जलशांत. ‘मिल्लत के नौजवानो’ अशी हाक आली की आता काहीतरी डोळ्यांत पाणी आणणारे सांगितले जाणार आणि पाठोपाठ चंद्याचे पावतीपुस्तक पुढे येणार, हे मला दहाव्या वर्षीच कळू लागले होते. मिल्लत म्हणजे आपण सगळे, एवढाच अर्थ मला ठाऊक होता. हाच शब्द उस्मानी सल्तनतीच्या दफ्तरात एक सरकारी रकाना होता, हे पुष्कळ उशिरा समजले.

आज त्या रकान्यावर लिहावेसे वाटले, त्याला कारण आमच्या अभ्यासवर्गातला एक प्रसंग. ‘एर्तुग्रुल’चे सगळे भाग पाहून झालेला एक तरुण मोठ्या उमेदीने म्हणाला, ‘उस्मानी लोकांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. प्रत्येक धर्माला आपापला नेता, आपापली शाळा, आपापला कायदा. कुणी कुणाच्या वाटेला जायचे नाही.’ बऱ्याच माना डोलल्या. मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. ‘सर, आणि ज्याला तो नेता नको असेल, त्याने काय करायचे?’

तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि चहा मागवला. तिच्या प्रश्नाचे उत्तर बाल्कन प्रदेशात, विशेषतः मॅसिडोनियात, सविस्तर सापडते. तिथल्या लोकांनी हा प्रश्न साठ-सत्तर वर्षे विचारला. आधी अर्ज करून, मग शाळा काढून, आणि शेवटी बंदुका घेऊन.

आधी व्यवस्था काय होती ते पाहू. उस्मानी राज्यात माणसाची ओळख त्याच्या धर्मावरून ठरत असे, भाषेवरून नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती सगळे ‘रूम मिल्लत’मध्ये. त्यांचा प्रमुख इस्तंबूलच्या फनार मोहल्ल्यात बसणारा पॅट्रिआर्क. घरी ग्रीक बोलणारा, बल्गेरियन बोलणारा, सर्बियन बोलणारा, व्लाख मेंढपाळ, ऑर्थोडॉक्स अल्बेनियन, सीरियातला अरबी बोलणारा ख्रिस्ती, सगळे एकाच खात्यात. लग्न, वारसा, शाळा, धर्मगुरूचा कर, हे सगळे पॅट्रिआर्क आणि त्याचे बिशप पाहत. त्या काळच्या युरोपात वेगळ्या पंथाच्या माणसाचे काय हाल होत ते आठवले तर ही सोय लहान नव्हती. ती नाकारण्याचे कारण नाही.

पण सोय कुणाची? मिल्लतची सूत्रे ज्यांच्या हातात होती त्यांची भाषा ग्रीक होती. बिशप ग्रीक, बरी शिकवणारी शाळा ग्रीक, प्रतिष्ठेच्या चर्चमधली प्रार्थना ग्रीक. पेचचे सर्बियन धर्मपीठ १७६६ मध्ये आणि ओह्रिदचे स्वायत्त धर्मपीठ १७६७ मध्ये बंद करून पॅट्रिआर्कच्या अखत्यारीत घेतले गेले. सुलतानाला हिशेब सोपा झाला. ओह्रिदच्या शेतकऱ्याला मात्र आता असा बिशप मिळू लागला ज्याला त्याची भाषा येत नसे, आणि कर तोच वसूल करी. परक्या धर्माच्या राजाचा जाच दूरचा असतो. आपल्याच धर्माच्या, पण आपली बोली हीन मानणाऱ्या पुढाऱ्याचा जाच रोजचा.

शाळांची चुरस सुरू झाली ती इथून. १८३५ मध्ये गाब्रोव्हो या बल्गेरियन गावात पहिली आधुनिक बल्गेरियन शाळा उघडली. पैसा दिला ओडेसात व्यापार करणाऱ्या वासिल अप्रिलोव्हने आणि त्याच्यासारख्या व्यापाऱ्यांनी. शिकवायला आला नेओफित रिल्स्की हा साधू. शिकवण्याची पद्धत बेल-लँकेस्टर. थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचे आणि एका गुरुजीने शंभर-दोनशे पोरे सांभाळायची. यातला बेल म्हणजे अँड्र्यू बेल, मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख. तिथली देशी मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवत एकमेकांना शिकवताना त्याने पाहिली आणि त्यावरून पद्धत बसवली. आपल्या पंतोजींच्या शाळेतली धुळाक्षरे इंग्लंडमार्गे बाल्कनच्या डोंगरात पोचली म्हणायची.

त्या पिढीतल्या तिघा माणसांची गोष्ट मला फार जवळची वाटते. ओह्रिद सरोवराच्या काठावरच्या स्त्रुगा गावचे दिमितर आणि कोन्स्तान्तिन मिलादिनोव्ह हे भाऊ. दोघे ग्रीक शाळांत शिकलेले. दिमितर तर ग्रीकचा नावाजलेला शिक्षक. पुढे त्यांनी आपल्या आयाबहिणींच्या तोंडची लोकगीते गोळा केली. १८६१ मध्ये झाग्रेबला ती पुस्तकरूपाने छापली गेली. शाळेत आणि चर्चमध्ये स्लाव भाषा आणण्यासाठी दिमितरने चळवळ सुरू केली, तेव्हा ओह्रिदच्या ग्रीक बिशपाने त्याच्याविरुद्ध सरकारकडे कागाळ्या केल्या. दिमितरला अटक झाली. त्याला सोडवायला इस्तंबूलला गेलेला कोन्स्तान्तिनही पकडला गेला. १८६२ च्या जानेवारीत दोघे भाऊ तिथल्या कैदेतच वारले.

दिमितरचा एक विद्यार्थी ग्रिगोर पर्लिचेव्ह. त्याने १८६० मध्ये अथेन्सच्या काव्यस्पर्धेत ग्रीक भाषेत दीर्घ कविता लिहून पहिले बक्षीस मिळवले होते. पुढे चांगले दिवस होते. गुरूच्या मृत्यूची बातमी कळली आणि तो ओह्रिदला परतला, ग्रीक शाळेविरुद्ध उभा राहिला, तुरुंगातही गेला. गंमत अशी की ज्या भाषेसाठी तो झगडला तिच्यात लिहिणे त्याला ग्रीकइतके सफाईने कधीच जमले नाही. आईची भाषा बोलायला येते, लिहायला बसले की हात अडतो. ही अडचण आपल्यातल्या बऱ्याच जणांना सांगावी लागणार नाही.

इस्तंबूलमध्ये १८६० च्या ईस्टरला इलारिओन मकारिओपोल्स्की या बल्गेरियन बिशपाने प्रार्थनेत पॅट्रिआर्कचे नाव घेणे टाळले. आपल्याकडे खुतब्यात खलिफाचे नाव घेणे-न घेणे याला कधीकाळी जो अर्थ होता, तोच इथे. काही बल्गेरियनांनी तर ग्रीक बिशपाच्या जाचातून सुटण्यासाठी थेट रोमच्या पोपचे नाते स्वीकारले. श्रद्धा बदलली म्हणून नाही. मिल्लतमधून बाहेर पडायचे तर दुसऱ्या मिल्लतमध्येच शिरावे लागे. मोकळ्यावर उभे राहण्याची जागाच त्या व्यवस्थेत नव्हती.

अखेर १८७० मध्ये सुलतान अब्दुल अझीझने फर्मान काढून बल्गेरियनांना स्वतंत्र धर्मपीठ दिले. त्याच्या प्रमुखाला एक्झार्क म्हणत. पॅट्रिआर्कने १८७२ मध्ये या मंडळींना फुटीर ठरवले. आरोप असा की त्यांनी वंशाच्या आधारावर चर्चची फाळणी केली. तत्त्व म्हणून ते चुकीचे नव्हते. पण शंभर वर्षे बिशपाच्या खुर्चीवर एकाच भाषेचा माणूस बसवणाऱ्यांनी ते सांगावे, याचे बल्गेरियनांना हसू आले असेल. ही फूट १९४५ पर्यंत मिटली नाही.

त्या फर्मानातले दहावे कलम मात्र खरा सुरुंग होते. फर्मानात नाव नसलेल्या भागातल्या सर्व, किंवा निदान दोन-तृतीयांश, ऑर्थोडॉक्स रहिवाशांनी इच्छा दाखवली तर त्यांनाही एक्झार्ककडे जाता येईल, असे ते कलम. वाचायला किती लोकशाहीचे! १८७४ मध्ये स्कोप्ये आणि ओह्रिदच्या लोकांनी प्रचंड बहुमताने एक्झार्कच्या बाजूने कौल दिलासुद्धा. पण परिणाम असा झाला की मॅसिडोनियातला प्रत्येक शेतकरी आता एक मत झाला. तो कोण आहे हे ठरवण्यासाठी अथेन्सला, सोफियाला, थोड्या उशिराने बेलग्रेडला, त्याची गरज पडू लागली. १८७८ च्या सान स्तेफानोच्या तहाने मॅसिडोनियाचा बराचसा भाग नव्या बल्गेरियाला दिला आणि चार महिन्यांत बर्लिनच्या तहाने तो सुलतानाला परत केला. घास तोंडातून काढून घेतलेल्या राज्याची भूक काय होते, ती पुढची चाळीस वर्षे दिसली.

प्रांत सुलतानाचा आणि सैन्यही त्याचेच असल्याने उघड लढाई शक्य नव्हती. म्हणून लढाई चर्चमध्ये आणि शाळेत झाली. अथेन्समध्ये ग्रीक विद्येच्या प्रसारासाठी १८६९ मध्येच मंडळ निघाले होते. बेलग्रेडमध्ये १८८६ मध्ये संत सावाच्या नावाने संस्था निघाली; पुढच्या वर्षी स्कोप्येत सर्बियन वकिलात उघडली. रुमानियाची मॅसिडोनियाला सीमासुद्धा लागत नव्हती. तरी आपल्या भाषेच्या जवळची बोली बोलणाऱ्या व्लाखांसाठी त्यांनीही शाळा काढल्या आणि १९०५ मध्ये सुलतानाकडून व्लाखांची वेगळी मिल्लत मान्य करून घेतली.

ब्रेल्सफर्ड या इंग्रज पत्रकाराने १९०६ च्या आपल्या पुस्तकात मोनास्तिरजवळच्या एका शेतकऱ्याशी झालेले बोलणे नोंदवले आहे. तुमचे गाव ग्रीक की बल्गेरियन, असे विचारल्यावर त्या गृहस्थाने शांतपणे सांगितले की आता बल्गेरियन आहे, चार वर्षांपूर्वी ग्रीक होते. कसे काय? तर गाव गरीब. ग्रीक मास्तराचा निम्मा पगार गावाला द्यावा लागे. पाद्री अनेक गावांत मिळून एक, आणि तोही वेळेवर येत नसे. ग्रीक बिशपाकडे तक्रार केली, त्याने दाद दिली नाही. बल्गेरियनांना हे कळले. त्यांनी गावातच राहणारा पाद्री आणि फुकट मास्तर देऊ केला. मग गाव बल्गेरियन झाले.

ही गोष्ट बहुतेक लेखक शेतकऱ्याच्या भाबडेपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला तो भाबडा वाटत नाही. त्याला पोरांना शिकवायचे होते आणि मयताला वेळेवर पाद्री हवा होता. राष्ट्र नावाची वस्तू त्याच्या दारात विकायला आली, तेव्हा त्याने तिच्याबरोबर काय मिळते एवढेच विचारले. आपल्या वाडीत कोणत्या पक्षाचा झेंडा लागला, तर ज्याने पाण्याची टाकी बांधली त्याचा, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी त्या शेतकऱ्याला हसू नये.

या चुरशीने काही चांगलेही केले, हे मान्य केले पाहिजे. बाल्कन युद्धांच्या तोंडावर एकट्या एक्झार्ककडे मॅसिडोनिया आणि एदिर्ने भागात मिळून सुमारे १,३७० शाळा होत्या, २,२०० हून अधिक शिक्षक आणि ७८ हजारांहून अधिक विद्यार्थी. शिवाय ग्रीकांच्या शाळा, सर्बियनांच्या शाळा, अमेरिकन मिशनऱ्यांच्या शाळा. कुठे पुस्तके फुकट, कुठे वसतिगृह, कुठे परदेशी शिष्यवृत्ती. मुलींच्या शाळाही निघाल्या. एका गावात तीन-तीन शाळा, आणि तिघांचे मास्तर दारोदार फिरून मुले गोळा करताहेत, हे दृश्य त्या काळात युरोपातल्याही कितीतरी खेड्यांच्या नशिबी नव्हते.

मात्र मूल ज्या शाळेत गेले त्याप्रमाणे त्याचे आडनाव बदले. बल्गेरियन शाळेत ‘ओव्ह’, सर्बियन शाळेत ‘इच’, ग्रीक शाळेत ‘इस’. इतिहासाच्या तासाला तीन शाळांत तीन वेगळे पूर्वज. एकाच घरातले दोन भाऊ दोन शाळांत गेले तर दोन राष्ट्रांचे होऊन बाहेर पडत.

आणि शिकलेली मुले शिकवणाऱ्याच्या मुठीत राहत नाहीत. १८८० च्या दशकाच्या अखेरीस सलोनिकाच्या बल्गेरियन शाळेतली काही मुले सर्बियन शिष्यवृत्ती घेऊन बेलग्रेडला गेली. तिथे आपल्याला सर्ब बनवणे चालले आहे असे दिसल्यावर ती तिथून निघून सोफियाला गेली. त्यातला एक दामे ग्रुएव्ह. त्याने आणि त्याच्या मित्रांनी १८९३ मध्ये सलोनिकात मॅसिडोनियाच्या क्रांतिकारी संघटनेची स्थापना केली. संस्थापक सहा, त्यातले बहुतेक शिक्षक. एक डॉक्टर, एक पुस्तकविक्रेता. त्यांचा पुढारी गोत्से देल्चेव्ह हाही श्तिप गावी मास्तरकी करत होता. दिवसा पाढे, रात्री शपथविधी. २ ऑगस्ट १९०३ रोजी त्यांनी उठाव केला; तो चिरडला गेला, शेकडो गावे जळाली.

त्यानंतर जे झाले ते उठावाहून वाईट. ऑस्ट्रिया आणि रशिया यांनी १९०३ च्या ऑक्टोबरात म्युर्झश्टेग येथे सुधारणांची योजना ठरवली. त्यातले तिसरे कलम म्हणत होते की शांतता झाल्यावर राष्ट्रीयत्वांचे नीट गट पडतील अशा रीतीने जिल्ह्यांच्या हद्दी बदलाव्यात. हेतू चांगला असेल. टोळ्यांनी त्याचा अर्थ लावला तो असा: हद्दी आखण्याआधी जितकी गावे आपल्या चर्चमध्ये आणता येतील तितकी आणा. आता फुकट मास्तराची जागा रात्रीच्या ठोठावण्याने घेतली. ग्रीक टोळी आली की गाव पॅट्रिआर्ककडे, बल्गेरियन टोळी आली की एक्झार्ककडे, उत्तरेत सर्बियन टोळी. सगळ्यात आधी मारले जात ते पाद्री आणि मास्तर. १९०५ च्या फेब्रुवारीत पापा क्रिस्तो नेगोवानी या अल्बेनियन पाद्र्याला ग्रीक टोळीने ठार केले. त्याचा अपराध एवढाच की त्याने ऑर्थोडॉक्स प्रार्थना अल्बेनियन भाषेत म्हटली. मारणारे त्याच्याच धर्माचे, त्याच्याच पंथाचे होते.

सुलतान अब्दुल हमीदचे सरकार या सगळ्यात काय करत होते? तराजू हलवत होते. १८९०, १८९४ आणि १८९७ मध्ये बल्गेरियन बिशपांना नव्या नेमणुकांच्या सनदा मिळाल्या, त्यातली शेवटची खेप ग्रीसशी झालेल्या युद्धात बल्गेरिया तटस्थ राहिला त्याचे बक्षीस. मग बल्गेरियन जड झाले म्हणून स्कोप्येत सर्बियन बिशप. भांडत राहतील तोवर आपल्यावर उलटणार नाहीत, हा हिशेब. तरुण तुर्कांनी १९१० मध्ये वादग्रस्त चर्च आणि शाळा यांच्या वाटपाचा कायदा करून भांडण मिटवायला घेतले, आणि दोनच वर्षांत बल्गेरिया, सर्बिया, ग्रीस, मॉन्टेनेग्रो एक होऊन उस्मानी राज्यावर चालून आले. कायद्यामुळेच ते एक झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण भांडणावर तगलेली व्यवस्था भांडण मिटल्यावर उघडी पडते, एवढे खरे.

इथपर्यंतची गोष्ट ख्रिस्ती लोकांची आहे. माझा खरा प्रश्न आहे तो त्याच डोंगरातल्या मुसलमानाचा.

त्याला कुणी पटवायला येत नव्हते. ज्याच्यासाठी चुरस होती त्याला तीन शाळा मिळाल्या. ज्याला गृहीत धरले होते त्याला एक धड नाही. सरकारने १८६९ मध्ये शिक्षणाचा मोठा कायदा केला, शहरांत चांगल्या शाळा काढल्या. मोनास्तिरच्या लष्करी शाळेत पुढचा अतातुर्क शिकला. पण त्या शाळा अधिकारी घडवण्यासाठी होत्या. खेड्यातल्या मुसलमान मुलाच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी मशिदीजवळचा जुना मकतब. तिथे कुरआन पाठ होई. शेजारच्या गावातले ख्रिस्ती पोर भूगोल आणि हिशेब शिकत असे. शिवाय ख्रिस्ती माणूस कर भरून सैन्यभरतीतून सुटे, मुसलमान शेतकऱ्याचा पोरगा येमेनच्या वाळवंटात जाई. जमीनदार बे मुसलमान असत हे खरे, त्यांच्या जमिनी कसणाऱ्या ख्रिस्ती कुळांचा रागही खरा. पण राज्य ‘आपले’ असल्याचा फायदा बेला झाला, गावच्या मुसलमान मेंढपाळाला नाही.

अल्बेनियनांची कथा तर याहून पुढची. त्यांच्यात बहुसंख्य मुसलमान, बाकीचे ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक, भाषा सगळ्यांची एक. पण रकान्यांत भाषेला जागा नसल्याने मुसलमान अल्बेनियन ‘तुर्क’ ठरला आणि ऑर्थोडॉक्स अल्बेनियन ‘ग्रीक’. तुर्कांसाठी तुर्की शाळा आहेत, ग्रीकांसाठी ग्रीक. मग अल्बेनियन शाळा हवी कशाला?

इथे मला राहवत नाही. मला शाळेत घातले तेव्हा प्रवेशाच्या अर्जावर मातृभाषेच्या रकान्यात समोरच्या माणसाने माझे नाव वाचून न विचारता ‘उर्दू’ लिहिले. घरी आम्ही मराठी बोलत होतो, आजी तर कोकणी बोलीशिवाय दुसरे बोलतच नसे. अब्बांनी चूक दाखवली, तेव्हा तो माणूस म्हणाला, ‘तुमचे तेच असते ना?’ अब्बांनी वाद घातला नाही. उर्दूवर माझे प्रेम आहे, ती मी पुढे हौसेने शिकलो. पण ती माझ्या रकान्यात माझ्या नावावरून आली होती. अल्बेनियनांबद्दल वाचताना तो अर्ज मला पुन्हा पुन्हा आठवला.

फ्राशर गावच्या एका बेक्ताशी मुसलमान घरातला सामी फ्राशरी यानिनाच्या ग्रीक शाळेत शिकला. तुर्की भाषेतली पहिली कादंबरी म्हणून जी ओळखली जाते ती त्याने १८७२ मध्ये लिहिली. तुर्कीचा थोर शब्दकोश ‘कामूस-ए-तुर्की’ त्याचाच, सहा खंडांचा विश्वकोशही त्याचाच. आणि याच माणसाने १८७९ मध्ये इस्तंबूलमध्ये अल्बेनियन भाषेसाठी वर्णमाला तयार केली. तुर्कीची एवढी सेवा करून तो आपल्या आईची भाषा शाळेत शिकवू द्या म्हणत होता. ७ मार्च १८८७ रोजी कोर्चा शहरात पहिली अल्बेनियन शाळा उघडली, मुसलमान आणि ख्रिस्ती दोघांच्या मुलांसाठी. दोन्ही बाजूंनी तिच्यावर दबाव आला. सरकार मुसलमान पालकांना मुले काढायला लावी. ग्रीक बिशप ख्रिस्ती पालकांना बहिष्काराची धमकी देई. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन अधिकार एका बाबतीत एकमत होते: आपल्या रकान्यातली मुले दुसऱ्याच्या मुलांबरोबर एका बाकावर बसता कामा नयेत.

१९०८ च्या नोव्हेंबरात मोनास्तिरला अल्बेनियन लिपीची परिषद भरली. अध्यक्ष मिधत फ्राशरी, सामीचा पुतण्या. लॅटिन लिपी ठरली. त्यावर तरुण तुर्कांनी अरबी लिपीच्या बाजूने सभा भरवल्या. कुरआनची लिपी सोडणारा मुसलमान कसा, असा सूर लागला. अल्बेनियन लिहायला स्वरांची जी रेलचेल लागते ती अरबी लिपीत नीट बसत नाही, हा साधा व्यवहाराचा मुद्दा त्या गलक्यात ऐकू येईना. लिपी म्हणजे दीन नव्हे, हे तिथल्या मुसलमानांना मुसलमानांनाच पटवावे लागले. शेवटी १९१० पासून अल्बेनियन मुसलमानांनी आपल्याच खलिफाच्या सरकारविरुद्ध उठाव केले. १९१२ च्या उन्हाळ्यातल्या त्यांच्या मागण्यांत शाळेत अल्बेनियन आणि त्यांची भाषा समजणारे अधिकारी या मागण्या होत्या. सरकारने त्यातल्या बहुतेक मान्य केल्या, तेव्हा बाल्कन युद्ध महिन्याभरावर आले होते.

त्या युद्धाने आपल्याकडे खळबळ उडाली होती. डिसेंबर १९१२ मध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय पथक मुंबईहून जहाजाने तुर्कस्तानला निघाले. ‘अल-हिलाल’ आणि ‘कॉम्रेड’ वाचून लोकांनी पैसे दिले, बायकांनी दागिने दिले. ती माणुसकी खोटी नव्हती. युद्धात आणि त्यानंतर चार लाखांच्या आसपास मुसलमान बाल्कनमधून उखडून अनातोलियात आले. बल्गेरियन डोंगरातल्या पोमाक मुसलमानांचा १९१२-१३ मध्ये जबरदस्तीने बाप्तिस्मा केला गेला. ते दुःख आपल्या आजोबा-पणजोबांनी आपले मानले, याचा मला अभिमान आहे. पण मी लहानपणी ऐकलेल्या त्या कहाणीत चाँद विरुद्ध सलीब एवढेच होते. शाळा मागणारा अल्बेनियन मुसलमान तिच्यात कुठे नव्हता. तो ‘मिल्लत’ या शब्दाखाली झाकला गेला होता.

विजेत्यांनीही धडा घेतला नाही. १९१३ मध्ये मॅसिडोनियाचे तीन तुकडे झाले. सर्बियाच्या वाट्यातल्या बल्गेरियन शाळा बंद झाल्या, ग्रीसच्या वाट्यातल्या स्लाव गावांची पुढे नावेच बदलली. ते भांडण अजून चालू आहे: गोत्से देल्चेव्ह बल्गेरियन की मॅसिडोनियन, या आणि अशा वादांवरून बल्गेरियाने २०२० मध्ये उत्तर मॅसिडोनियाची युरोपीय संघाची बोलणी अडवली. मास्तर मरून एकशे सतरा वर्षे झाली होती.

आणि १९२३ मध्ये तुर्कस्तान आणि ग्रीस यांनी लोकसंख्येची अदलाबदल केली, तेव्हा कसोटी पुन्हा धर्माचीच होती. कप्पादोकियातले ऑर्थोडॉक्स, ज्यांची भाषा तुर्की होती आणि जे ग्रीक अक्षरांत तुर्की लिहीत, ते ‘ग्रीक’ म्हणून ग्रीसला पाठवले गेले. क्रीट बेटावरचे मुसलमान, ज्यांना ग्रीकशिवाय दुसरे फारसे येत नव्हते, ते ‘तुर्क’ म्हणून तुर्कस्तानात उतरले. अयवालिक आणि समोरच्या जुंदा बेटावर त्यांना रिकामी ग्रीक घरे मिळाली. घरात ते ग्रीकच बोलत राहिले. १९२८ मध्ये इस्तंबूलच्या विद्यार्थ्यांनी ‘नागरिका, तुर्की बोल’ ही मोहीम काढली आणि सार्वजनिक जागी तसे फलक लागले, तेव्हा त्या म्हाताऱ्यांनी बाजारात बोलणे कमी केले.